१०८ ला पहिल्यांदा फोन लावताय? मग पुढं काय काय होतं ते आधीच वाचून ठेवा

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट. पावणेदोनच्या सुमाराला आप्पा, म्हणजे माझे सासरे, पडवीत येऊन बसले, बंडी घामानं चिंब, एक हात छातीवर, आणि म्हणतात काय तर "काही नाही गं, जेवण वर आलंय जरा." चेहरा बघूनच कळलं की हे जेवणाचं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा १०८ लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "ताई, जिल्हा कोणता?" आणि मी तिच्यावर ओरडले. इथं माणूस असा पडलाय आणि ही जिल्हा काय विचारत बसलीय, असं झालं मला. गावाचं नाव सांगितलं, दोनदा "लवकर या, लवकर या" म्हटलं आणि फोन ठेवला. मग लगेच नणंदेला लावला, मग दिरांना, मग परत नणंदेला. त्या वेळात गाडी आमच्या फाट्यावर येऊन उभी होती, ड्रायव्हर माझा नंबर लावत होता आणि त्याला बिझी लागत होता. सात-आठ मिनिटं गेली त्यात. आप्पा वाचले, आता रोज गोठ्यात असतात, पण ती सात-आठ मिनिटं माझ्यामुळं गेली हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितेय, म्हणजे तुमची पहिली वेळ येईल तेव्हा निदान पुढं काय होणार ते माहीत असेल.

आधी नंबरचं बघू, कारण त्यातच लोकांचा गोंधळ असतो. महाराष्ट्रात १०८ म्हणजे मेडिकल इमर्जन्सीची ॲम्ब्युलन्स. जानेवारी २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या आणि बाकीच्या साध्या. आपल्याकडची एक खास गोष्ट म्हणजे या गाडीत डॉक्टर असतात, नुसता ड्रायव्हर आणि स्ट्रेचर घेऊन गाडी येत नाही. १०२ ची गाडी वेगळी, ती मुख्यतः गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी, दवाखान्यात नेते आणि बाळंतपण झाल्यावर घरीही आणून सोडते, तिच्याबद्दल आशाताईंना सगळं माहीत असतं, सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. ११२ हा सगळ्यांचा एक नंबर, पोलीस पाहिजे, आग लागलीय, काहीच सुचत नाहीये, तर ११२. नॅशनल हायवेवर गाडी ठोकली तर १०३३, रेल्वेत कुणाला काही झालं तर १३९. एवढे सगळे लक्षात नाही राहिले तरी चालेल, पण १०८ आणि ११२ हे दोन घरातल्या आठ वर्षाच्या पोरालासुद्धा पाठ असू द्या.

आणि हो, १०८ फुकट आहे. फोन फुकट, गाडी फुकट, डिझेलचे पैसे नाहीत, ऑक्सिजनचे नाहीत. बरेच जण, विशेषतः वस्तीवरची म्हातारी माणसं, "कशाला उगाच गाडी बोलवायची, किती बिल येईल" म्हणून रात्र काढतात. असं करू नका.

कधी लावायचा? छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं किंवा हात उचलता न येणं, बेशुद्ध पडणं, फीट थांबत नसेल तर, साप चावला, विषारी औषध प्यायलं, भाजलं, पडून डोक्याला लागलं, रक्त थांबत नाही, बाळंतपणाच्या कळा किंवा रक्तस्राव. "बघू अजून अर्धा तास" हा घरोघरी होणारा सगळ्यात मोठा घोळ आहे. दोन दिवसांचा ताप, दाढ दुखतेय, यासाठी मात्र लावू नका, ती गाडी तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाच्या दारात हवी असते.

आता फोनचं. राज्यातले १०८ चे फोन पुण्याच्या केंद्रात जातात, तुम्ही गडचिरोलीतून लावा नाहीतर दापोलीतून. म्हणजे जी व्यक्ती फोन उचलते तिला तुमचा मारुतीचा पार, तुमची वेस, तुमचा कॅनॉल काहीच माहीत नसतं. म्हणून ती जिल्हा विचारते. जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग जवळची खूण. माझ्या रागाचं कारणच हे होतं की मला वाटलं ही टाइमपास करतेय, पण जिल्हा-तालुका कळल्याशिवाय कुठल्या दवाखान्याजवळची गाडी काढायची ते त्यांना ठरवताच येत नाही. एकाच नावाची गावं आपल्याकडं किती आहेत बघा, वडगाव, पिंपळगाव, नांदगाव, कुठलं धरायचं त्यांनी? त्यामुळं पहिलं वाक्य रडारडीचं नको, पत्त्याचं हवं. "जिल्हा पुणे, तालुका शिरूर, अमुक गाव, झेडपीच्या शाळेमागची वस्ती." फोन मध्येच कट झाला तरी गाडी निघू शकते.

मग ती विचारेल काय झालंय, पेशंट किती, वय काय, शुद्धीत आहे का, श्वास घेतोय का. याची उत्तरं छोटी द्या आणि जे दिसतंय तेच सांगा. "त्यांना अटॅक आलाय" असं सांगण्यापेक्षा "वय ६८, छातीत दुखतंय, घाम आलाय, शुद्धीत आहेत, बोलतायत" हे जास्त कामाचं, रोगाचं नाव डॉक्टर ठरवतील. श्वास घेतोय का असं विचारलं की अंदाजानं हो म्हणू नका, फोन स्पीकरवर टाकून जवळ जा, छाती वरखाली होतेय का बघा, मग सांगा. मराठी चालते, हिंदी चालते, लाजू नका. तुमचा आवाज चढला म्हणून कुणी फोन आपटत नाही, पण ओरडताना पत्ता ऐकू जात नाही हे मात्र खरं.

आणि त्यांनी "ठेवा आता" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ठेवल्यावर त्या नंबरवरून एकही फोन करायचा नाही, कारण गाडीतले डॉक्टर किंवा ड्रायव्हर (त्यांच्याकडं ड्रायव्हरला पायलट म्हणतात) त्याच नंबरवर फोन करतात, रस्ता विचारायला आणि पेशंटचं कसं आहे ते विचारायला. नातेवाइकांना कळवायचंय तर दुसऱ्याच्या फोनवरून. बॅटरी ५ टक्के असेल तर फोन लावतानाच शेजाऱ्याचा नंबर पण देऊन टाका. त्यांचा फोन आला की त्यांनाच विचारा, गाडी कुठून निघालीय आणि साधारण किती वेळ लागेल. हे विचारणं आपला हक्क आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं.

शेवटच्या एक किलोमीटरचं जरा सविस्तर सांगते, कारण गाड्या तिथंच अडकतात. डांबरी रस्ता सगळ्यांना सापडतो, त्यानंतर काय? आमच्याकडं फाट्यावरून आत वळलं की दूध डेअरी, तिथून डावीकडं डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), डीपीपासून दोन रस्ते फुटतात, एक मळ्यात जातो आणि एक ओढ्यात जाऊन संपतो. रात्री हे कुणाला दिसणार? व्हॉट्सॲपला लोकेशन पाठवता आलं तर पाठवाच, पण मॅप बऱ्याचदा ओढ्याकडचाच रस्ता दाखवतो. खात्रीचा उपाय एकच, माणूस पाठवा. शेवटी आमचा पुतण्या मोटरसायकल घेऊन फाट्यावर गेला, हेडलाइट चालू ठेवून गाडीच्या पुढं पुढं चालवत आला, तेव्हा कुठं ती अंगणात पोचली. सोसायटीत राहत असाल तर गेटवर एक जण, वॉचमनला सांगून बूम वर करून ठेवायचा, लिफ्ट तळमजल्यावर आणून अडवून धरायची, बिल्डिंगसमोर आडव्या लावलेल्या गाड्या काढायला लावायच्या. घराबाहेरचा लाइट लावा, कुत्रं बांधा, ओटीवरचं सामान बाजूला करा म्हणजे स्ट्रेचर वळेल.

गाडी येईपर्यंत पेशंटचं काय करायचं, इथं घरातली दहा माणसं दहा सल्ले देतात, म्हणून आधीच ठरवून ठेवा. छातीत दुखत असेल किंवा दम लागला असेल तर चालवू नका, जिना उतरवू नका, भिंतीला किंवा उशीला टेकून अर्धवट बसवा, कपडे सैल करा. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जातं. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि अपघाताचा प्रकार नाही, तर कुशीवर वळवून ठेवा. श्वासच घेत नसेल, हलवून हाक मारून काही प्रतिसाद नसेल, तर छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपर न वाकवता, जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाचेक सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, पाट किंवा फरशीवर झोपवून, गादीवर नाही. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून आलटून पालटून करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. बरगडी मोडेल का वगैरे विचार तेव्हा करायचा नाही.

फीट आली तर कांदा, चप्पल, चमचा हे सगळं लांब ठेवा, दात उघडायला जाऊ नका, आजूबाजूचं टणक सामान हलवा आणि झटके थांबले की कुशीवर वळवा. भाजलं तर नळाचं वाहतं पाणी, चांगली २० मिनिटं, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, थांबलं का बघायला दर मिनिटाला उचलू नका.

साप चावला तर त्या हाता-पायातल्या अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज येते आणि मग ती निघत नाहीत. तो हात किंवा पाय हलवायचा नाही, दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, देवळात न्यायचं नाही. सापाच्या मागं काठी घेऊन पळायची पण गरज नाही, आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर चालतं, ते सरकारी दवाखान्यात मिळतं, तिथं लवकर पोचणं एवढंच आपलं काम.

शेतावरचं फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या नादाला लागू नका. कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, आणि औषधाचा डबा किंवा बाटली सोबत घ्या, रिकामी असली तरी. डॉक्टरांना लेबल वाचलं की पुढची दिशा मिळते. "काय प्यायलं माहीत नाही" असं घरचे अब्रूपायी सांगतात, त्यानं आपलंच माणूस जातं.

तोंड वाकडं, बोलणं बोबडं, एक बाजू लुळी असं झालं असेल तर घड्याळ बघा आणि पेशंट शेवटचा कधी व्यवस्थित होता ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, त्यामुळं डॉक्टर सगळ्यात आधी हीच वेळ विचारतात.

वाट बघतानाच एका पिशवीत चार वस्तू टाका: आधार कार्ड, रेशन कार्ड (सरकारी योजनेतून उपचार करायचे तर ते लागतं), चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या फाइलमधला शेवटचा कागद. अख्खी फाइल शोधत बसू नका. थोडे पैसे, चार्जर.

गाडी आली की एक गोष्ट मनाशी पक्की करा, ते लगेच उचलून पळणार नाहीत. मला तेव्हा परत राग आला होता, आली गाडी तर निघा ना. पण डॉक्टरांनी अंगणातच आप्पांच्या बोटाला चिमटा लावला, बीपी बघितलं, छातीवरचा घाम पुसून ईसीजीच्या वायरी चिकटवल्या, पट्टी बघितली, ऑक्सिजनचा मास्क लावला, हाताला सुई लावून ठेवली, आणि ड्रायव्हरला कुठं न्यायचं ते सांगितलं. तेवढ्या पाच मिनिटांत उपचार सुरू झालेले असतात. आप्पा उठून चालत गाडीकडं निघाले होते, "मी काय म्हातारा झालो काय" म्हणून, डॉक्टरांनी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं आणि म्हणाले, "बाबा, आज एक पाऊल पण नाही." मग आप्पांनी टोपी मागितली. टोपी डोक्यावर आली तेव्हा स्ट्रेचरवर आडवे झाले.

गाडीत सोबत एकाला, फार तर दोघांना घेतात. जो पेशंटची औषधं, ॲलर्जी, आधीचे आजार सांगू शकतो त्यानं बसावं, जो सगळ्यात जास्त रडतोय त्यानं नाही. बाकीचे मागून या, पण ॲम्ब्युलन्सच्या शेपटीला गाडी लावून सिग्नल तोडत येऊ नका, त्यातून दुसरा अपघात होतो.

कुठं नेणार यावरून गाडीच्या दारातच भांडणं होतात. १०८ ची गाडी साधारणपणे त्या आजाराला लागणारी सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात नेते, बहुतेक वेळा सरकारी. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल ४० किलोमीटरवर असेल तर त्यासाठी ही गाडी नाही. आधी जीव स्थिर करायचा, मग हलवायचं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला किंवा ससूनसारख्या मोठ्या ठिकाणी पाठवायचं ठरलं तर तिथले डॉक्टर रेफरची चिठ्ठी देतात आणि पुढच्या गाडीसाठी १०८ शीच बोलतात, चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका, नाहीतर पुढच्या ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

दवाखान्यात पोचल्यावर गाडीतले डॉक्टर तिथल्या डॉक्टरांना पेशंट सोपवतात, वाटेत काय दिलं ते सांगतात. तुमच्यातला एक जण केसपेपर काढायला, एक जण पेशंटपाशी. अपघात, विष, भाजणं अशा केसमध्ये दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात, ती नेहमीची पद्धत आहे, तुमच्यावर कुणी आरोप करतंय असं नाही. आणि पैसे नाहीत म्हणून किंवा पोलीस केस आहे म्हणून पहिले उपचार नाकारता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं हे १९८९ सालीच सांगितलंय, सरकारी काय, खासगी काय.

रस्त्यात अनोळखी माणूस पडलेला दिसला आणि "नको, पोलिसांचं लचांड मागं लागेल" असं मनात आलं तर हे लक्षात ठेवा, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम, १३४ अ, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलंय. तुम्ही फोन लावून, थांबून, स्वतःचं नाव न सांगता जाऊ शकता, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. फक्त त्या माणसाला ओढून रिक्षात कोंबू नका, मान आणि पाठ वाकवली तर कायमचं अधूपण येऊ शकतं. हेल्मेट उपसून काढू नका. मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायला एक जण लांब उभा करा.

आता अडचणीचं पण बोलू, कारण गाडी दर वेळी दहा मिनिटांत येतेच असं नाही. जवळची गाडी दुसऱ्या केसवर असते, घाटात दरड असते, पुलावर पाणी असतं. फोनवर ४० मिनिटं सांगितली तर तिथल्या तिथं विचारा, "आम्ही आमच्या गाडीनं निघू का, तुम्ही वाटेत भेटाल का?" साप चावलेला, शुद्धीत असलेला माणूस पिकअपमध्ये झोपवून निघणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. मणक्याला मार लागलेला मात्र हलवू नये. स्वतः निघालात तर १०८ ला फोन करून गाडी रद्द करा, हे लोक हमखास विसरतात आणि गाडी तुमच्या बंद दारासमोर हॉर्न वाजवत राहते. खासगी ॲम्ब्युलन्स घ्यायची वेळ आली तर बसायच्या आधी विचारा, आत ऑक्सिजन आहे का, सोबत कोण येणार, किती पैसे, आणि पावती घ्या.

एक गोष्ट बाहेरगावी राहणाऱ्या पोरांसाठी. आईवडील गावाला आणि तुम्ही बंगळूरला किंवा हैदराबादला असाल तर तिथून १०८ लावून उपयोग नाही, तो तिथल्या राज्याच्या केंद्रात लागतो, परदेशातून तर लागतच नाही. त्यामुळं गावातल्या तीन जणांचे नंबर सेव्ह करून ठेवा, शेजारी, आशाताई, आणि ज्याच्या दारात चारचाकी आहे तो. त्यांना आधी सांगून ठेवा की रात्री माझा फोन आला तर उचला. कर्नाटक किंवा गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या गावात टॉवर पलीकडचा लागू शकतो, तिथं पहिला शब्द "महाराष्ट्र" म्हणा, मग जिल्हा.

आमच्या घरी आता देवघराशेजारी एक कागद चिकटवलाय. आप्पांना चष्म्याशिवाय दिसावा म्हणून मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलाय, आणि सासूबाईंकडून मी तो महिन्यातून एकदा मोठ्यानं वाचून घेते, त्यांनी फोन हातात धरायचा, मी पलीकडची मुलगी व्हायचं. त्यावर एवढंच आहे:

"१०८. जिल्हा पुणे. तालुका शिरूर. गावाचं नाव सांगणे. झेडपी शाळेमागची वस्ती. फाट्यावरून आत, दूध डेअरी, डीपीपासून उजवीकडं, ओढ्याकडं नाही. आप्पा ६८, बीपीची गोळी सकाळी, रक्त पातळ करायची रात्री. फोन ठेवू नये. फाट्यावर कुणाला तरी पाठवणे."